फिनलंडला, मेहकरमार्गे

फिनलंडमध्ये राहायचा परवाना काढताना कुठं कुठं जावं लागलं, असं कुणी विचारलं की मी "मेहकरला" म्हणते, आणि विचारणाऱ्याला वाटतं मी टिंगल करतेय. जरा जाणकार असेल तर तो "बुलढाण्याचं का?" म्हणून पुढचा प्रश्न टाकतो. बुलढाण्याचं नव्हे. हे मेहकर कर्नाटकात आहे, बिदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात. तिथं दूतावास नाही, साधं झेरॉक्सचं दुकान शोधायलाही डोकं चालवावं लागतं. तरी माझं फिनलंड तिथंच अडलं होतं आणि तिथंच सुटलं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी थोडं घरचं. पुण्यात धायरीला मी आणि मल्लिकार्जुन, म्हणजे मल्लू, अशा दोघांची छोटी कंपनी आहे. आडतीवर व्यापारी पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढतात ती परखी तुम्ही पाहिली असेल. आमची परखी विजेवर चालते. पोत्यात खुपसली की आत ओल किती आणि कीड लागली आहे का, ते सांगते. प्रत्येक परखी बाहेर पाठवण्याआधी आमच्या भट्टीशी ताडून पाहावी लागते. भट्टी म्हणजे धान्य वाळवून त्यातलं पाणी मोजायचं कपाटाएवढं यंत्र. जुनं आहे, तापलं की गुरगुरतं, आणि तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही.

फिनलंडमध्ये धान्य शेतातून ओलंच घरी येतं आणि भट्ट्या लावून वाळवावं लागतं. त्यामुळे आमची परखी तिकडच्यांना आवडली. परदेशातून येऊन तिथं कंपनी काढणाऱ्यांसाठी त्यांचा राहण्याचा वेगळा परवाना असतो, पहिल्यांदा दोन वर्षांचा. मेख एवढीच की संस्थापक निदान दोन हवेत, आणि दोघांनीही पूर्णवेळ तिथं राहून काम करायला हवं. एकटी मी कितीही नाचले तरी उपयोग नव्हता.

आणि मल्लू काही केल्या हो म्हणत नव्हता. नाही पण म्हणत नव्हता. "बघू की ताई. येळवस होऊ द्या," एवढंच. तुरीच्या काढणीसाठी म्हणून तो गावी गेला, आणि निवड करणाऱ्या मंडळींनी आमच्याशी व्हिडिओवर बोलायचा दिवस कळवला. मी त्याला पुण्याला बोलावलं. उत्तर आलं, "त्या दिवशी येळवस हाय. मी शेत सोडून कुठंच जात न्हाई. तुम्हीच या. शेतातच बोलू." आधी मी चिडले. मग येळवस म्हणजे एवढं काय असतं, याचं कुतूहल वाटायला लागलं. मला कुतूहल वाटलं की माझी बॅग आपोआप भरली जाते, असं माझी आई म्हणते.

आईनं एक पुरवणी जोडली. "त्या बाजूला जातेच आहेस तर गाणगापूर करून जा. आणि माधुकरी माग. नुसतं दर्शन घेऊन पळून येऊ नकोस."

गाणगापूर

गाणगापूर रोड स्टेशनावर उतरलं की देवळाच्या गावाला जायला जीप मिळतात. पाट्या सगळ्या कानडी, बोलणारे सगळे मराठी. लॉजच्या मालकानं माझं आधारकार्ड पाहिलंही नाही. "किती दिवस राहणार?" म्हणाला. मी एक रात्र म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "एका रात्रीत काय व्हायलंय? लोकं हितं महिनाभर ऱ्हातेत."

दुपारी दर्शन झाल्यावर झोळी म्हणून ओढणीचं टोक पुढं धरून मी गल्लीत शिरले. गाणगापुरात दत्तमहाराज दुपारी भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे, म्हणून येणारा प्रत्येक जण चार घरी मागतो, आणि ज्याला जमेल तो वाढतोही. माझ्यापुढे एक गृहस्थ होते, मनगटावर भारी घड्याळ, आणि तेही मागत होते. गेली काही वर्षं मी अनोळखी लोकांपुढे उभी राहून कंपनीसाठी मागतेच आहे. त्यासाठी मला पडद्यावर चित्रं दाखवावी लागतात, आलेख काढावे लागतात. इथं नुसतं उंबऱ्यापुढं उभं राहायचं होतं आणि तेच मला जमेना. शेवटी आतूनच एक बाई भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या.

"नवीन हाव का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तोंड वर करून मागा की. खाली बघून मागितलं तर आमाला कसं कळंल कुणाला वाढायलाव ते?"

त्यांच्या ओसरीवर एक म्हाताऱ्या आजी वाती वळत बसल्या होत्या. सोलापूरच्या. सेवेला म्हणून आल्या त्या इथंच राहिल्या, केस पांढरे झाले तरी परत गेल्या नाहीत. माझ्या डोक्यात तेव्हा परवान्याशिवाय दुसरं काही नव्हतं, त्यामुळे मी विचारलं, "आजी, इथं राहायची परवानगी कुणी दिली तुम्हाला?"

आजींनी वात मांडीवर घासली, जरा विचार केला. "कुणी मागितलीच न्हाई बघ," म्हणाल्या. "सकाळी झाडायला लागले, मग लोकं म्हणाली, ह्या हितल्याच."

मी ते पिठलं-भाकरी तिथंच बसून खाल्लं. आईला फोन करून सांगितलं, तर ती विचारते, "मीठ बरोबर होतं ना?"

कलबुर्गी आणि बिदर

कलबुर्गीच्या बसस्टँडसमोर सकाळी सुसला खाल्ला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी, वर शेंगदाण्याचं कूट आणि सोबत टम्म मिरची-भजं. हा पदार्थ लातूरकडे सुशीला होऊन बसतो म्हणे. पुण्यात आम्ही चुरमुरे ओले करायची वेळ येऊ देत नाही, भेळेलासुद्धा घाईघाईनं संपवतो. इथं ते मुद्दाम भिजवतात आणि त्याचं सोनं करतात. मी दुसरी बशी मागितल्यावर हॉटेलवाला खूश झाला आणि न मागता शेंगाचटणी वाढून गेला.

मग माझी फजिती झाली. बिदरची गाडी पकडायची म्हणून रेल्वे स्टेशनला जाणाऱ्या सिटीबसमध्ये बसले, ती निघाली भलतीकडे. पाटी कानडीत होती आणि मी अंदाजानं चढले होते. कंडक्टरला मराठीत विचारलं, त्यानं दखनीत उत्तर दिलं, शेजारच्या बाईंनी ते कानडीत खोडून काढलं आणि मागच्या एका काकांनी सगळ्यांचा सारांश मला मराठीत सांगितला: उतरा. त्या बाईही माझ्याबरोबर उतरल्या, मला बरोबर बसमध्ये बसवलं आणि मग पुन्हा आपल्या वाटेला लागल्या. मी आभार मानले तर म्हणाल्या, "ऊटा आयता?" म्हणजे जेवलात का. आभाराला हे उत्तर कसं काय, हे मला अजून कळलेलं नाही, पण बरं वाटलं खरं.

बिदरला मल्लू मोटरसायकल घेऊन आला होता. पुण्यात शर्ट खोचून वावरणारा मल्लू इथं गळ्यात मफलर, पायात चपला आणि अंगावर तुरीचा भुसा अशा अवतारात होता. बिदरची माती लाल, वीटकरी लाल. भालकीकडे निघालं की ती काळी होत जाते, आणि दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी, मध्येमध्ये तुरीच्या काटक्या, खाली हिरवागार हरभरा. मी मागे बसून सरळ विषयाला हात घातला. "मल्लू, तू येणार आहेस की नाही?"

"उद्याच्याला बोलू ताई."

"उद्या त्यांच्यासमोर बोलायचंय. त्याआधी मला कळायला नको?"

"शेतात बोलू," एवढं म्हणून त्यानं हॉर्न वाजवला, समोर काहीही नसताना.

मेहकर

मल्लूचे वडील म्हणजे अप्पा. उंच, वाळके, बोलण्याआधी समोरच्याला नीट न्याहाळणारे. त्यांच्या आजोबांपर्यंत मेंढरं होती. नंतर जमीन आली, मेंढरं गेली, घोंगडी तेवढी राहिली. आई म्हणजे माय. सून सुमित्रा, म्हणजे मल्लूची बायको, भालकीच्या शाळेत विज्ञान शिकवते. घरात सगळीकडे दुसऱ्या दिवसाच्या स्वयंपाकाची धांदल होती. बायका निरनिराळ्या शेंगा सोलत होत्या, मोठ्या घागरीत ज्वारीच्या पिठाची आंबील आंबत ठेवलेली होती. मी मदत करायला बसले, तर मायनं माझी शेंगा सोलायची गती पाहून मला चहा प्यायला पाठवलं.

चहा घेऊन मी गोठ्यात गेले. गोठ्यात दोन खुंटे होते. एका खुंट्याला म्हैस, दुसरा रिकामा. आणि पलीकडे, कुंपणाच्या त्या बाजूला, शेजारच्या गोठ्यात दोन बैल एकमेकांना चाटत उभे.

"अप्पा, तुम्हाला बैल नाही?"

"हाय की. तो काय, पांढऱ्या कपाळाचा." अप्पांनी शेजारच्या गोठ्याकडे बोट दाखवलं. "इस्माईलच्यात बांधलाय."

"का? जागा नाही?"

अप्पांना माझी कीव आली असावी. ते बाजेवर बसले आणि समजावून सांगू लागले. त्यांचा एक बैल, इस्माईलचाचांचा एक बैल. एकट्या बैलानं गाडी ओढली जात नाही, म्हणून दोघांची सावड आहे, म्हणजे बैल एकत्र जुंपून आळीपाळीनं एकमेकांचं काम करायचं. त्या दोघांच्या वडिलांपासून. नांगरटीला आता ट्रॅक्टर येतो, पण चिखलाच्या वाटेनं तूर खळ्यावर आणायला बैलगाडीच लागते. यंदा बारी, म्हणजे पाळी, आधी अप्पांची होती, त्यांची तूर आधी आली. आता चाचांची आणायची.

"ज्याची बारी आधी, त्यानं आपला बैल दुसऱ्याच्या खुंट्याला बांधायचा," अप्पा म्हणाले. "दुसऱ्याचं काम सरंपर्यंत."

"म्हणजे तारण?"

"तारण कामून? इस्माईल काय सावकार हाय?" अप्पा दुखावले. "बैल तिकडं असला की मानसाला त्याच्या शेताची याद ऱ्हाते. आपलं झालं की मानूस इसरतंय. तुमी बी इसरशाल, मी बी इसरतो."

तेवढ्यात कुंपणापलीकडून इस्माईलचाचाच आले. पांढरी दाढी, डोक्यावर लोकरीची टोपी. मल्लूनं माझी ओळख करून दिली. चाचांनी फिनलंडचं नाव ऐकलं आणि विचारलं, "सौदीके बाजूकू है क्या?" मल्लूनं सांगितलं, बर्फाकडे आहे. "नक्को रे बाबा," चाचा म्हणाले आणि शेकोटीजवळ आणखी सरकले.

मी अप्पांना दोन संस्थापकांचा नियम सांगितला. त्यांनी तो लक्षपूर्वक ऐकला. "मंजी एका बैलानं वढत न्हाई, हे त्यांस्नी बी ठाव हाय की," म्हणाले. फिनलंडबद्दलचं त्यांचं मत त्या क्षणी सुधारलं असं मला वाटलं. पण मल्लू जाणार का, यावर त्यांनीही काही बोलायचं टाळलं.

येळवस

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर, उदगीरपासून बिदर, कलबुर्गीपर्यंत या दिवशी माणसं घराला कुलूप लावून शेतात जातात. वाटेत मेहकरच्या एका गल्लीत मला एक कुत्रं आणि एक पोलीस एवढेच दिसले, आणि पोलीसही डबा उघडायच्या तयारीत होता. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची छोटी खोप उभी करतात. तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांची पूजा झाली की घरधनी आंबील आणि अन्न शेतभर शिंपडत फिरतो आणि पोरंटोरं मागून काहीतरी ओरडत जातात. त्याचा अर्थ मी पाच-सहा जणांना विचारला. कुणी कानडी आहे म्हणालं, कुणी जुनं मराठी, चाचा म्हणाले, "अर्थ कैकू होना? ओरडना."

नियम एकच, पण कडक: बांधावरून जाणारा माणूस जेवल्याशिवाय पुढं जाता कामा नये. आम्ही मल्लूच्या शेतापर्यंत पोचेपर्यंत मला तीन शेतांत बसवून खायला घातलं होतं. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, पालेभाजी, चिंच, बेसन असं सगळं एकत्र शिजवलेलं. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि घोंगडीत गुंडाळून थंडगार ठेवलेली आंबील. भोगीच्या भाजीची फुशारकी मारणाऱ्या आम्हा पुणेकरांनी ही भज्जी एकदा खावी आणि गप्प बसावं.

फिनलंडची सकाळ म्हणजे आपली भर दुपार, त्यामुळे आमचं बोलणं नेमकं जेवणाच्या वेळी आलं. एक डालं पालथं घालून त्यावर लॅपटॉप ठेवला. मागे उजेड फार पडत होता म्हणून सुमित्रानं तुरीच्या काटक्यांना शाल बांधली. पडद्यावर दोघं दिसले: एक चष्मेवाल्या बाई, एक तरुण गृहस्थ, मागे पांढरी भिंत. माझ्या पोटात भज्जी आणि भीती दोन्ही होत्या. मल्लू काय बोलणार, याची मला अजूनही काडीची कल्पना नव्हती.

परखीबद्दल विचारलं तेवढं सगळं झकास झालं. मल्लूनं तर शेजारच्या पोत्यात परखी खुपसून आकडा दाखवला. मग बाईंनी तो प्रश्न विचारला. तुम्ही दोघंही इथं राहायला येणार आहात का? खरोखर?

मी "हो" म्हणाले. बाईंचा प्रश्न संपायच्या आधीच म्हणाले.

मल्लू म्हणाला, "एक मिनिट," आणि मागे वळला. "अप्पा, इचारायल्यात, मी तिकडं ऱ्हायला जानार हाव का म्हनून."

अप्पा पत्रावळी मांडत होते. त्यांनी हात धोतराला पुसले आणि पुढे आले.

"बारी आधी कुनाची?"

"ताईंची," मल्लू म्हणाला.

"आन मंग?"

"मंग आपली. दोन सालांनी."

"मंग जा की. इचारायचं काय त्यात?"

मल्लू पडद्याकडे वळला आणि त्यानं इंग्रजीत त्या दोघांना सगळं सांगितलं. सावड, एकेक बैल, आधी एकाचं शेत, मग दुसऱ्याचं. पहिली दोन वर्षं दोघंही फिनलंडमध्ये, पूर्णवेळ, तिथली कंपनी उभी करून चालती करायची. त्यानंतर दोघंही भालकीत, हीच परखी इथल्या तुरीसाठी चालती करायला. बाईंनी विचारलं, म्हणजे दोन वर्षांनी आमच्याकडची कंपनी बंद? मल्लू म्हणाला, "नाही. तूर खळ्यावर आली म्हणजे शेत सोडून देत नाही कुणी. तिकडची माणसं चालवतील, आम्ही येऊनजाऊन असू. पण राहायचं म्हणाल तर आधी तिथं, मग इथं." त्या गृहस्थांनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, संपलं. इतकं खरं कुणी अशा ठिकाणी बोलतं का?

तेवढ्यात अप्पा लॅपटॉपसमोर वाकले. शेतात आलेली माणसं, मग ती पडद्यात का असेनात, जेवल्याशिवाय कशी जाणार? त्यांनी दोन पत्रावळी डाल्यापुढं मांडल्या, भज्जी वाढली, उंडे ठेवले, वर खीर. "जेवा म्हनावं. लाजू नका म्हनावं." मल्लूनं भाषांतर केलं. बाई आधी गोंधळल्या, मग हसल्या, मग उठून कुठंतरी गेल्या. परत आल्या तेव्हा हातात काळ्या पावाचा तुकडा होता. त्यांनी तो आमच्यासमोर खाल्ला. त्या गृहस्थांकडे काहीच नव्हतं, त्यांनी कॉफीचा कप वर केला. अप्पांचं समाधान झालं. "विचार करून कळवतो," असं म्हणून ती दोघं पडद्यावरून गेली.

आणि मग मी मल्लूवर घसरले. "मग आपली म्हणजे काय? दोन वर्षांनी मी भालकीत राहणार, हे कधी ठरलं? मला विचारलंस का?"

"आता ठरवायचं ना ताई. म्हनून तर बोलवलं," मल्लू म्हणाला. "सावडीचं शेतातच ठरवत्येत. फोनवर कसं ठरवू? तुमी न्हाई म्हना, मी आत्ता त्यांस्नी फोन लावून सांगतो."

तो खरंच लावणार होता. अप्पांनी त्याला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे वळले. आदल्या दिवशीचं "तुमी" गेलं होतं. "बाई, तू ऱ्हाशील का हितं? दोन साल? खरंखरं सांग."

तोच प्रश्न होता, फक्त गाव वेगळं. फिनलंड मी पाहिलेलंही नव्हतं आणि तिथल्या बाईंना मी डोळ्यांची पापणी न लववता हो म्हणाले होते. इथं मात्र मी हातातला उंडा मोडत बसले. माय विचारायला लागल्या, भाकरी थापता येते का. सुमित्रानं विचारलं, कानडी शिकणार का, पाटी वाचता येत न्हाई तुम्हाला. कालची सिटीबस मल्लूनं सगळ्यांना सांगितली होती. चाचांनी विचारलं, इथला उन्हाळा झेपेल का. सगळे प्रश्न रास्त होते.

"विचार करून कळवते," मी म्हणाले.

चाचा खो-खो हसले. "उनो बी यहीच बोले, इनो बी यहीच बोलरे!"

अप्पा हसले नाहीत. "कळव," म्हणाले. "पन ध्यानात ठेव, बारी आधी तुझी हाय. तुझा बैल आमच्या खुंट्याला बांधून जा."

"माझ्याकडे कुठला बैल, अप्पा?"

"बैल न्हाई असं कसं व्हईल? ज्याच्याबिगर तुझं काम चालत न्हाई ते काय हाय, ते बघ."

संध्याकाळी शेतात गोवऱ्यांच्या विस्तवावर दूध ऊतू घातलं. दूध ज्या दिशेला ऊतू जाईल त्या बाजूला पीक चांगलं, असं मानतात. सगळे जण श्वास रोखून बघत होते आणि मी मोबाईलवर उत्तर दिशा, म्हणजे फिनलंडची बाजू, शोधत होते. दूध सरळ इस्माईलचाचांच्या शेताकडे गेलं. चाचा लाजले आणि अप्पा म्हणाले, बरं झालं, त्यांची तूर अजून यायची आहे.

पुणे

पुण्यात आल्यावर मी रोज सकाळी उठून आधी ईमेल बघायची. काय विचार करतात इतका, हो तर हो म्हणा, नाही तर नाही, पण माणसाला असं लटकत ठेवायचं म्हणजे काय, असं आईला ऐकवायची. आईनं एक दिवस शांतपणे विचारलं, "आणि त्या मेहकरच्या अप्पांना तू कळवलंस का?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

फिनलंडचा होकार आला. त्यात शेवटी एक ओळ होती, जेवणाबद्दल आभार मानणारी. मी मल्लूला फोन लावला. तो म्हणाला, "मी यायलाव ताई. पन अप्पा इचारायल्यात, आपला निकाल कवा?"

त्या रात्री मला झोप आली नाही असं काही झालं नाही. मी छान झोपले. सकाळी उठले तेव्हा उत्तर तयार होतं, बहुतेक ते शेतातच तयार झालं असावं. गाणगापूरच्या आजी आठवल्या, कंडक्टरशी भांडणाऱ्या त्या बाई आठवल्या, भज्जी तर सारखीच आठवत होती. फिनलंडमध्ये मी झाडायला लागले तर मला कुणी "ही इथलीच" म्हणेल की नाही, ठाऊक नाही. मेहकरात म्हणतील, याची मला खात्री वाटली. मी टेम्पोवाल्याला फोन केला.

आमची भट्टी चार माणसांनी उचलून टेम्पोत चढवली. नव्या परख्या आता मेहकरात ताडून बघायच्या, सुमित्रा ते काम बघणार, शाळा सुटल्यावर. मल्लूबरोबर ती लगेच येणार नाही म्हणाली. शाळेचं वर्ष आहे, अप्पा-माय आहेत. धायरीच्या खोलीत भट्टीच्या जागी फरशीवर चौकोनी डाग तेवढा राहिला, आणि ती खोली इतकी शांत झाली की मला तिथं बसवेना.

निघायच्या आदल्या दिवशी बर्फातले बूट घालून बघत होते, तेव्हा मल्लूनं फोटो पाठवला. अप्पांचा गोठा. पांढऱ्या कपाळाचा बैल अजून चाचांकडेच होता. त्याच्या रिकाम्या खुंट्यापाशी विटांच्या ओट्यावर माझी भट्टी उभी होती, वरून घोंगडी पांघरलेली. आणि तिच्या पायाला नवं कोरं दावं बांधून ते खुंट्याला नीट गाठ मारून अडकवलं होतं.

खाली मल्लूनं लिहिलं होतं, "अप्पा म्हनायल्यात, खुशाल जावा. चारापान्याची काळजी करू नका."